ताईंच्या डोळ्यांत टाकायचं काय?

आमच्या घरात डोळ्यांच्या औषधावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी लोकांच्या घरात जमिनीच्या तुकड्यावरून होत नसतील. भांडणाऱ्या दोघीच. एक मी आणि दुसरी माझी थोरली नणंद. आमचे हे कधी मधे पडले नाहीत. बहिणीची बाजू घ्यावी तर बायको डोळे वटारते, बायकोची घ्यावी तर बहीण. ते आपले चपला घालून सरळ बाहेर पडायचे.

नणंदेला मी ताई म्हणते. ताईंचा धंदा रफूचा. घराच्या पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडतं, तिथं मी गिऱ्हाइकं बघते, कपडा घेते, कपड्याला चिठ्ठी टाचते, आणि झालेल्या कपड्यावर इस्त्री फिरवते. मागच्या खिडकीपाशी ताईंची खुर्ची. उजेड तिथं चांगला. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे, आणि भोकावर एकेक उभा धागा, मग एकेक आडवा, मुळात कापड जसं विणलंय तसंच विणून काढायचं. ताईंनी केलेलं रफू त्यांचं त्यांनाही पुन्हा सापडायचं नाही.

आणि स्वभाव असा की काही म्हणजे काही टाकायचं नाही. बोटभर धागा उरला तरी तो रंगाप्रमाणे डब्यात. तुटकं बटण डब्यात. फाटलेलं फेकायचं नाही यावरच ज्या बाईचं पोट चालतं, ती दुसरं काय करणार म्हणा. त्यात एकदा खिडकीखालच्या नाल्यात पाणकोंबडीनं घरटं केलं. ताई रोज कौतुकानं बघायच्या. एके दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं, तिनं कशाचं विणलंय." मी वाकून पाहिलं तर काड्या थोड्या आणि बाकी सगळं आपलंच. नळ्या, दोऱ्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. त्या दिवसापासून घरातला कचरा धुऊन, वेगळा करून ठेवायची सक्ती आली. मी म्हटलं, "ताई, आपण भांडी कमी घासतो आणि कचरा जास्त." त्यांनी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

डोळे दुखायला लागले ते त्यानंतर. टाका चुकू नये म्हणून पापणीच मिटायची नाही, ही त्यांची जुनी खोड. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्यातलं पाणी आटलंय, म्हणून वाळू गेल्यासारखं टोचतं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वरून थेंब टाकायचे, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि जन्मभर.

"कधी रडला असतात तर झरे तरी मोकळे राहिले असते," मी म्हणाले.

"तुझ्याशी भांडताना रडू येतच नाही. हसूच येतं."

पहिली बाटली आणली. ताई थेंब टाकायच्या, घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा चुरचुर. पुन्हा थेंब. डोळे टोमॅटोसारखे लाल. टाका घालायचा, उठायचं, मागच्या दारी जाऊन तोंड धुवायचं, परत बसायचं, परत उठायचं. त्या खुर्चीच्या करकरीनं माझं डोकं उठायचं. मी इस्त्री आपटायचे. डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा कळलं की बाटली महिनाभर टिकावी म्हणून तिच्यात एक औषध घातलेलं असतं, आणि सारखे सारखे थेंब टाकले की कोरड्या डोळ्याला तेच झोंबतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यांनी दुसरं लिहून दिलं. टिकवायचं औषध नसलेलं, चिमुकल्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये. मान मोडायची, थेंब टाकायचा, उरलेलं लगेच फेकून द्यायचं.

आधी जुन्या बाटलीचं काय करायचं, यावर तमाशा झाला. ती अर्धी भरलेली. मी मोरीत ओतायला निघाले तर ताईंनी हात धरला. "मोरीतलं सगळं नाल्यात जातं. जे माझ्या डोळ्याला झोंबतं ते तिथल्या माशांना झोंबणार नाही?" आणि बाटली घेऊन थेट औषधवाल्याच्या दुकानात.

"हे परत घ्या."

"ताई, उघडलेलं औषध मी परत घेऊन काय करू?"

"ते मला काय माहीत. विकलं तुम्ही, मोडीत काढायचं कसं तेही तुम्हीच सांगा."

मागे गिऱ्हाइकांची रांग. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी औषधवाल्यानं कंपनीच्या माणसाला विचारतो म्हणून बाटली ठेवून घेतली, आणि मला बघून असा चेहरा केला की बघत राहावं. मी म्हटलं, तुम्ही पाच मिनिटं सोसताय, मी अख्खा जन्म काढतेय.

कुप्यांचं खोकं घरी आलं. ताईंनी एक कुपी उजेडाकडे धरली. आतलं औषध दोन्ही डोळ्यांना पुरून उरत होतं. "एवढं सगळं फेकायचं? आणि वर प्लास्टिक? दिवसभर?"

"फेकायचं."

"मी जन्मभर लोकांना फाटकं फेकू दिलं नाही, आणि आता माझ्या दोन डोळ्यांपायी रोज मूठभर कचरा करू?"

"डोळे गेल्यावर नाल्यातली कोंबडी येणार आहे का तुमचा हात धरून चालवायला?"

ह्यांनी चपला घातल्या. जेवताना ताई आपणहून म्हणाल्या, "ठीक आहे, वापरते कुप्या." मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. एवढ्या लवकर ऐकणारी बाई नव्हे ती, हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं कुणाच्या तरी. कुणाच्याच आलं नाही.

डोळ्यांना खरोखर उतार पडला. लाली गेली, चुरचुर कमी झाली. त्याच सुमारास वकीलबाईंचा कोट आला. काळा, लोकरी, आणि उजव्या बाहीवर कसरीनं खाल्लेलं भोक. कोट त्यांच्या वडिलांचा. ते पण वकीलच होते. त्यांचाच कोट बाईंनी आपल्या मापाचा करून घेतलेला. "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," असं म्हणाल्या. काळ्या कापडावर काळ्या धाग्याचं रफू म्हणजे या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. गावातले बाकीचे रफूवाले काळं आलं की आमच्याकडे पाठवून द्यायचे. ताईंना त्याचा मनातून तोरा होता. बोलून दाखवायच्या नाहीत, पण काळं कापड हातात आलं की ताठ बसायच्या.

मला एकच कोडं पडलं होतं. खोकं संपत का नाही?

"ताई, थेंब टाकता ना?"

"टाकते की."

"मग खोकं?"

"तुला काय, औषधवाल्याचं दुकान चालवायचंय?"

आणि एका सकाळी ताई उठल्या त्या उजवा डोळा मिटूनच. पापणी सुजलेली, कडेनं पिवळट चिकट पाणी. खिडकी उघडली तर ओरडल्या. कधी नव्हे ते ओरडल्या. मी म्हटलं, "चला दवाखान्यात." तर म्हणतात कशा, "थांब, थेंब टाकते, मग जाऊ." आणि सवयीनं त्यांनी इस्त्रीशेजारची, मी बटणांची समजत होते ती डबी उघडली.

डबीत कुप्या होत्या. उघडलेल्या. प्रत्येकीची मान कातरीनं कापलेली आणि वरून चपटी, चकचकीत, डकवलेली. मला आधी कळेचना. मग ताई सहज म्हणाल्या, "अगं, रात्री तू झोपलीस की कागद ठेवून इस्त्रीच्या टोकानं दाबते, तोंड बंद होतं. धूळ नाही जात, माशी नाही. दुसऱ्या दिवशी जरा खाली कापायचं. एक कुपी चार-पाच दिवस जाते."

बोला आता! कुणालाही सुचणार नाही ते या बाईला सुचलं होतं. फाटलं की सांधायचं, उघडलं की मिटवायचं. ती कुपी होती, कापड नव्हतं, एवढाच काय तो फरक. टिकवायचं औषध त्यात नाही म्हणूनच ती लगेच फेकायची असते. आत शिरलेले जंतू त्या उरलेल्या थेंबात मजेत वाढत होते, आणि ताई ते रोज नेमानं डोळ्यात सोडत होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं की सगळं बोलून टाकावं. पण त्यांचा तो डोळा बघितला, डबी उचलली, आणि मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरबाईंनी डबी पाहिली, कपाळाला हात लावला, आणि ताईंना आत घेतलं. बुबुळावर जखम झाली होती. खरवडून तपासायला पाठवलं, आणि जालीम थेंब सुरू झाले, तासातासाला. बाईंनी बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, "डोळा वाचवायचा प्रयत्न करू. वाचला तरी पांढरा डाग राहील. केवढा, ते जखम भरल्यावर कळेल."

ताईंनी एवढंच विचारलं, "काळ्यावर काळा धागा दिसेल का?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. खोलीला पडदे लावले, आत ताई. मी तास झाला की आत, थेंब टाकून बाहेर, गिऱ्हाईक आलं की पुढे, पुन्हा आत. बसले की उठावंसं वाटे, उठले की काय करायला उठले ते आठवेना. एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. वकीलबाई दोनदा येऊन गेल्या, मी सांगितलं ताईंची तब्येत बरी नाही. "घाई नाही, कोट इथंच राहू दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या चांगुलपणानं माझा जीव आणखीच खालीवर झाला. हे मात्र त्या दिवसांत घराबाहेर पडले नाहीत. बहिणीच्या पायाशी मुकाट बसून राहायचे.

ताईंच्या हाताला तर चैन म्हणून नव्हती. अंधारात पडल्या पडल्या पांघरुणाच्या कडेचे धागे ओढून काढायच्या. मी ओरडले, "पांघरूण उसवून झालं की माझा परकर देऊ का?" तर म्हणाल्या, "दे. सुती आहे ना?" आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला इतकी भीती वाटली की मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

डोळा वाचला. दुखणं थांबलं, पट्टी निघाली. डाग राहिला, बुबुळाच्या मधोमध नाही पण जवळच, दुधाच्या थेंबाएवढा. डाव्यानं दिसत होतं, पण तो पहिल्यापासूनच जरा अधू. बारीक काम सगळं उजव्याच्या जिवावर. किती दिसतंय विचारलं की ताई म्हणायच्या, "दिसतंय." पुढे नाही, मागे नाही.

कोरडेपणा काही कुठं गेला नव्हता. थेंब पुन्हा सुरू करायचे होते. डॉक्टरबाईंनी दोन पर्याय सांगितले आणि मी ताईंना घेऊन औषधवाल्याकडे गेले. आम्हाला बघताच तो बिचारा स्टुलावरून उठला.

एक तर त्याच कुप्या. किंवा नव्या तऱ्हेची बाटली, तिच्यातही टिकवायचं औषध नाही, पण तोंडाला झडप. थेंब बाहेर येतो, बाहेरचं काही आत जात नाही. उघडल्यावर खोक्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वापरता येते.

"संपल्यावर?" ताईंनी विचारलं.

"टाकून द्यायची."

"भंगारवाला घेईल?"

"आत स्प्रिंग आहे, दोन-तीन जातीचं प्लास्टिक आहे. नाही घ्यायचा."

"म्हणजे धड कुठलंच नाही."

"आणि तिसरी ती जुनी झोंबणारी," औषधवाला चाचरत म्हणाला.

माझा पारा चढला. भर दुकानात. "ताई, तुम्ही मनाला लावून घेता म्हणून सगळ्या जगाचा कचरा कमी होणार आहे का? एक डोळा घालवलात अर्धा! आता तरी आधी डोळा बघा, मग नाला! तुमच्या डोळ्यावर घर चालतं म्हणून नाही सांगत मी. मला... मला ते पडदे पुन्हा लावायचे नाहीत." माझा आवाज फाटला. रांगेतला एक माणूस चक्क मागे सरकला.

ताईंनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. डाग होता त्या बाजूनं नीट दिसेना म्हणून मान जरा जास्तच वळवली. "ओरडू नकोस गं. मी नाही म्हटलं का?" मग एका तळहातावर बाटली घेतली, दुसऱ्यावर कुप्यांचं खोकं, आणि भाजी जोखावी तशी बराच वेळ जोखत उभ्या राहिल्या. "ही डोळ्याला झोंबणार नाही?"

"नाही."

"तोंड मला पुन्हा बंद करावं लागणार नाही?"

"आपोआप होतं, ताई. हात जोडतो, इस्त्री लावू नका."

"मग हीच द्या. कचरा आहेच, पण कमी आहे. एवढा मला सोसेल."

घरी आल्यावर नवीच पंचाईत. झडपेची बाटली दाबायला जोर लागतो, आणि वर्षानुवर्षं सुई धरून ताईंच्या बोटांची पेरं सुजलेली. अंगठ्यानं दाबून दाबून त्या थकल्या, थेंब काही येईना. कुणाला हाक मारून काही मागायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. तरी शेवटी म्हणाल्या, "इकडे ये जरा." तेव्हापासून थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी हात धुऊन यायचे, त्या मान मागे टाकायच्या. भांडण चालू असलं तर थेंबापुरतं थांबवायचो आणि पुन्हा तिथून सुरू करायचो.

मग त्यांनी कोट मागितला. मी काढून दिला. किती दिवस लागले विचारू नका. विणायच्या, खिडकीशी धरायच्या, उसवायच्या. दिवा जवळ घ्यायच्या, लांब सारायच्या. मला बघू द्यायच्या नाहीत. खुर्ची पुन्हा करकरायला लागली, पण या वेळी मी इस्त्री आपटली नाही. शेवटी एका दुपारी कोट घडी करून पुढे दिला. "इस्त्री कर. बोलाव वकीलबाईंना."

इस्त्री करताना मी मुद्दाम त्या जागेकडे पाहिलं नाही.

रफूची खरी परीक्षा बोटानं होते. डोळा फसतो, बोट फसत नाही. जुनी गिऱ्हाइकं कपडा हातावर घेतात, दुसरीकडे बघतात आणि बोट फिरवतात. वकीलबाईंनी कोट घेतला. माझ्याशी बोलत बोलत बाहीवरून बोट खाली आणलं. बोट सरकत आलं, आणि एका जागी थांबलं. एवढंसंच थांबलं. मग पुढे गेलं.

"वा, ताई!" त्या आत बघून मोठ्यानं म्हणाल्या. "कुठं भोक होतं ते सांगूनही कळायचं नाही." कोट तिथंच अंगात घातला, बाही खाली ओढली, आणि हसून गेल्या. मनानं फार चांगली बाई.

मी वळले. ताई खिडकीशी बसल्या होत्या, तोंड माझ्याकडे, हात मांडीवर. तिथून त्यांना दिसलं असेल की नाही, देव जाणे.

"तिचं बोट थांबलं ना गं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण आम्ही दोघी एवढी वर्षं भांडलो ते एकमेकींशी कधी खोटं बोललो नाही म्हणूनच.

"थांबलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मांडीवरचे काळे धागे गोळा केले, बोटाला गुंडाळले, डब्यात ठेवले आणि डब्याचं झाकण लावलं. "काळं घेऊ नकोस यापुढे. कुणाचंच. बाकीच्या रफूवाल्यांनाही सांगून ठेव, आमच्याकडे पाठवू नका म्हणावं."

"बरं."

"थेंबाची वेळ झाली."

मी हात धुऊन आले. त्यांनी मान मागे टाकली, डोळा उघडा धरला. मी बाटली दाबली, पण मलाच समोरचं काही दिसत नव्हतं. थेंब त्यांच्या गालावर पडला आणि कानाकडे ओघळला.

"गेला वाया," ताई म्हणाल्या. "असू दे. दुसरा टाक."